वैद्यकाचा प्रवेशअर्ज आणि संशोधनाची आवड

२८ जून १८८३ या दिवशी अठरा वर्षांच्या एका मराठी स्त्रीने फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेचे एक पदाधिकारी आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. पत्र लिहिणाऱ्या बाईंचे नाव आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघून त्या जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या होत्या आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहत होत्या. पत्राचा हेतू एकच होता : त्या महाविद्यालयात वैद्यकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा. आज प्रवेशअर्जासोबत विद्यार्थ्याकडून जे निवेदन मागितले जाते, त्याच जातीचे हे पत्र आहे.

या पत्रात आनंदीबाईंनी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहे. आपण बुद्धिमान आहोत किंवा वैद्यक हे थोर शास्त्र आहे, असे सांगण्यात त्यांनी शब्द खर्च केले नाहीत. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत हवी आहे, आणि ती देण्यासाठीच आपण आलो आहोत, एवढे त्यांनी स्पष्ट केले. आप्तांचा आणि जातीचा एकत्रित विरोध पत्करून आपण इतक्या दूर आलो, तो निश्चयच पुढे उपयोगी पडेल, असेही त्यांनी नमूद केले. प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित आपल्याकडून पूर्ण होणार नाहीत, हे त्यांनी लपविले नाही. आपली परिस्थिती अपवादात्मक आहे, तिचा विचार व्हावा, अशी विनंती केली. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. त्या वेळी तेथील अधिष्ठाता रेचल बॉडली या होत्या.

या पत्राची गरज, साधन आणि उणीव अशी तीन अंगे आहेत. कोणती गरज भागवायची आहे, ती भागविण्यासाठी आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे ज्या निवेदनात स्वच्छ दिसते ते वाचणाऱ्याच्या मनात विश्वास उत्पन्न करते. संशोधनाची आवड सांगणाऱ्या निवेदनालाही हाच नियम लागू पडतो. मात्र तेथे आणखी एका गोष्टीची आवश्यकता असते, आणि ती गोष्ट म्हणजे प्रश्न.

हेतू आणि प्रश्न

आनंदीबाईंच्या पत्रात हेतू आहे, संशोधनाचा प्रश्न नाही. त्या वेळी तो असण्याचे कारणही नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल अवघे दहा दिवस जगले, आणि वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही जाणीव त्यांच्या वैद्यकाकडे वळण्याच्या मुळाशी होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दुःखातून निश्चय जन्माला येतो. परंतु निश्चय म्हणजे संशोधन नव्हे.

तीन वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्यासाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. बाळंतिणीच्या दुःखाबद्दल वाटणारी कणव आता एका नेमक्या विषयाच्या चौकटीत आली होती. ‘माझ्या देशातील स्त्रियांना मदत करावयाची आहे’ हा हेतू झाला. ‘त्यांच्या परंपरेत प्रसूतीविषयी कोणते ज्ञान नोंदले गेले आहे?’ हा प्रश्न झाला. हेतूला होकार मिळतो किंवा नकार. प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते, आणि ते शोधण्याची पद्धत सांगता येते.

प्रवेशाची निवेदने वाचणाऱ्या समितीपुढे हेतूंची वाण कधीच नसते. रोग्यांची सेवा करावी असे प्रत्येकालाच वाटते, निदान प्रत्येकजण तसे लिहितो. संशोधनाविषयी लिहिलेल्या भागात समिती हेतूपलीकडचे काही शोधते. या विद्यार्थ्याला कोणती गोष्ट कळलेली नाही? ती कळावी असे त्याला का वाटते? ती कळून घेण्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने काय केले? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यात मिळतात, त्या निवेदनात संशोधनाची आवड आहे असे समजावे. मग ‘आवड’ हा शब्द त्यात एकदाही आलेला नसला तरी चालेल.

निवेदन कोठे लिहावे लागते

भारतात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी असे निवेदन लिहावे लागत नाही. २०१६ पासून हा प्रवेश ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेतील गुणांवर ठरतो. त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थी स्वतःच्या जिज्ञासेविषयी दोन पाने लिहिण्याचा सराव न करताच महाविद्यालयात येतो, आणि पुढे एकाएकी त्याच्यावर तशी वेळ येते.

ही वेळ अनेक मार्गांनी येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीची योजना चालविते. तीत विद्यार्थ्याने एखाद्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांच्या संशोधनाचा आराखडा सादर करावयाचा असतो. एम.डी. किंवा एम.एस. करणाऱ्याला प्रबंध लिहावा लागतो, आणि त्याचा आराखडा आधी संस्थेच्या नैतिक समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. परदेशी जाणाऱ्यांना तर निवेदनावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात वैयक्तिक निवेदनासाठी ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे. वैद्यकाची पदवी आणि डॉक्टरेट एकत्र करू इच्छिणाऱ्यांना त्याखेरीज आणखी दोन निबंध लिहावे लागतात : हा जोडमार्ग का निवडला, यासाठी ३,००० अक्षरे, आणि केलेल्या संशोधनाच्या वर्णनासाठी १०,००० अक्षरे. ब्रिटनमध्ये २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात. ती सर्व मिळून ४,००० अक्षरांत बसवावी लागतात.

या मर्यादांवरून एक गोष्ट दिसून येते. साध्या वैद्यकीय पदवीच्या अर्जात संशोधनाला मोजकीच जागा आहे, आणि ज्याने संशोधन केलेले नाही त्याने ते केल्याचा आव आणण्याचे काहीही कारण नाही. उत्तम वैद्य होण्यासाठी प्रयोगशाळेत काम केलेले असलेच पाहिजे असे नाही. जेथे दहा हजार अक्षरे दिलेली आहेत, तेथे मात्र शोभेची वाक्ये टिकत नाहीत. तेथे कामच सांगावे लागते.

सीतापुऱ्यातील एक उदाहरण

प्रश्न कसा मांडावा हे उदाहरणावाचून समजणे कठीण असते, म्हणून येथे एक कल्पित उदाहरण घेऊ. जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर, सांगानेरच्या पलीकडे सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे कारखान्यांच्या जोडीने शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या असून वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालयही आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी सीतापुऱ्यात वैद्यकाचे शिक्षण घेत आहे, असे समजावे. परदेशातील संशोधनप्रधान अभ्यासक्रमासाठी तिला अर्ज करावयाचा आहे. तिने प्रथम असे लिहिले :

‘लहानपणापासूनच मला संशोधनाची अतिशय आवड आहे. मानवजातीची सेवा हे माझे ध्येय आहे. फ्लोराइडमुळे होणाऱ्या विकारांवर आम्ही संशोधन केले असून या अनुभवाने माझा दृष्टिकोन व्यापक झाला. भविष्यात जागतिक दर्जाची संशोधक होण्याची माझी आकांक्षा आहे.’

या चार वाक्यांत व्याकरणाची चूक नाही; पण ‘फ्लोराइड’ हा शब्द काढून ‘मलेरिया’ किंवा ‘मधुमेह’ हा शब्द घातला तरी परिच्छेद तसाच्या तसा उभा राहतो. जो परिच्छेद कोणत्याही विषयाला चालतो, तो कोणत्याही विषयाबद्दल काही सांगत नाही. शिवाय ‘आम्ही संशोधन केले’ यातील ‘आम्ही’ म्हणजे कोण, आणि त्यात तिचा वाटा किती, हे कळत नाही.

आता विषयाकडे वळू. राजस्थानातील अनेक जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. यवतमाळमधील काही गावांतही हीच स्थिती आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास प्रथम दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम होतो. दातांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग पडतात. पाठ व सांधे ताठरतात. हाडांच्या या विकाराकडे भारतात १९३७ साली, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातील पाहणीमुळे लक्ष वेधले गेले.

या ज्ञानाचा इतिहासही प्रश्न विचारण्याचाच इतिहास आहे. १९०१ साली फ्रेडरिक मकाय हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेला. तेथील पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग त्याला दिसले. गावकऱ्यांना त्यांचे काही वाटत नव्हते. ‘हे डाग कशाने पडतात?’ असे त्याने विचारले, आणि उत्तराचा पाठपुरावा सोडला नाही. दोष पाण्यात असावा, इथपर्यंत तो पोहोचला. परंतु पाण्यातील नेमका कोणता घटक कारणीभूत आहे हे १९३१ साली चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाच्या पृथक्करणातून समजले. या दोन घटनांत तीस वर्षांचे अंतर आहे. मकायजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. इतरांनी नेहमीचे म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीपाशी तो थांबला, हे त्याचे भांडवल होते.

सीतापुऱ्यातील विद्यार्थिनीलाही असेच कोठे थांबावे लागले का, हे तिने आठवून पाहावयास हवे. समजा, तिने पुन्हा असे लिहिले :

‘यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या आजोळी अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. ते पाण्याने पडतात, असे तेथे सगळे म्हणतात, आणि मीही तसेच मानत आले. सीतापुऱ्याच्या रुग्णालयात टोंककडील खेड्यातून आलेले दोन भाऊ मी पाहिले. दोघे एकाच घरात राहत होते, एकाच हातपंपाचे पाणी पीत होते. पण डाग फक्त धाकट्याच्या दातांवर होते. पाणी एकच असताना हा फरक का, हे मला सांगता येईना.

‘दातांचे आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते आणि डाग त्या काळातल्या पाण्यामुळे पडतात, हे मी नंतर वाचले. थोरला लहान असताना त्यांच्या गावात हातपंप नव्हता. घरी उघड्या विहिरीचे पाणी येत असे. आमच्या विभागात दोन शाळांतील मुलांच्या दातांची पाहणी चालू होती. तिचा आराखडा माझ्या मार्गदर्शकांचा होता आणि दात तपासण्याचे काम दंतविभागातील डॉक्टरांनी केले. मुलांच्या आयांना भेटून पाण्याची माहिती लिहून घेणे हे माझे काम होते. पहिल्या तीस घरांत मी फक्त सध्याच्या पाण्याबद्दल विचारले. चूक लक्षात आल्यावर त्या तीसही घरी मी परत गेले आणि मूल तान्हे असल्यापासून कोणकोणते पाणी प्यायले, हे विचारले. वर्ष आठवत नसे तेथे लग्न, दुष्काळ किंवा भावंडाचा जन्म यांच्या आधाराने ते ठरविले. अशा आठवणी कितपत भरवशाच्या मानाव्यात, हे मला अजून ठरविता आलेले नाही. ते शिकण्यासाठी मला अर्ज करावासा वाटतो.’

दोन्ही मजकुरांतील फरक भाषेच्या सौंदर्याचा नाही. दुसऱ्यात भाषा उलट अधिक साधी आहे. पहिल्यात लेखिका स्वतःविषयी सांगते, दुसऱ्यात ती दातांविषयी, हातपंपाविषयी आणि आयांच्या आठवणींविषयी सांगते. तरीही दुसरा मजकूर वाचूनच ती कशी आहे हे अधिक कळते.

चार कसोट्या

या उदाहरणावरून संशोधनविषयक निवेदनाच्या चार कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी प्रश्नाची. विषयाचे नाव म्हणजे प्रश्न नव्हे. ‘कर्करोग’, ‘मेंदू’, ‘सार्वजनिक आरोग्य’ ही क्षेत्रांची नावे आहेत. ‘एकाच घरातील दोन भावांत फरक का?’ हा प्रश्न आहे. प्रश्न लहान असला तरी चालतो. तो खरोखर पडलेला असला पाहिजे.

दुसरी कसोटी वाट्याची. संशोधन बहुधा अनेकांच्या हातून होते. आराखडा कोणी केला, तपासणी कोणी केली आणि आपण काय केले, हे वेगवेगळे सांगावे. आपला वाटा लहान असल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मार्गदर्शकाचे श्रेय आपल्याकडे घेणारा विद्यार्थी मुलाखतीत हमखास अडचणीत येतो, कारण निवेदनातील प्रत्येक वाक्य हे मुलाखतीतील एक संभाव्य प्रश्न असते. जे काम केले नाही त्याविषयी दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर खुंटते.

तिसरी कसोटी चुकीची. चूक लपविण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. परंतु चूक कशी लक्षात आली आणि ती सुधारण्यासाठी काय केले, हे सांगितल्याने वाचणाऱ्याला विद्यार्थ्याची विचारपद्धती दिसते. तीस घरी पुन्हा जाणे हे पहिल्या खेपेस बरोबर विचारण्यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. चूक सांगावी, मात्र तिचे कौतुक करीत बसू नये.

चौथी कसोटी मर्यादेची. आपल्याला अद्याप काय येत नाही, हे निवेदनाच्या शेवटी आले तर पुढील शिक्षणाची आवश्यकता आपोआप सिद्ध होते. ज्याला सर्व काही येते त्याला प्रवेश कशासाठी हवा? ‘जागतिक दर्जाची संशोधक’ होण्याच्या आकांक्षेपेक्षा ‘आठवणींवर किती विसंबावे हे शिकावयाचे आहे’ हे वाक्य समितीला अधिक उपयोगाचे वाटते, कारण ते शिकविणारा अध्यापक तिच्याजवळ आहे की नाही, हे समितीला ठरविता येते.

याखेरीज एक सावधगिरी बाळगावी लागते. वैद्यकातील प्रश्न माणसांच्या शरीराविषयी असतात. ज्यांच्या दुःखातून आपला प्रश्न निर्माण झाला, ते रुग्ण ओळखू येतील असे तपशील निवेदनात देऊ नयेत; शाळकरी मुलांची पाहणी केली असेल तर पालकांची संमती आणि नैतिक समितीची मान्यता घेतली होती, याचा उल्लेख करावा. तसेच रुग्णाचे दुःख हे निवेदन रंगविण्याचे साधन होऊ देऊ नये. दोन भावांची हकीकत प्रश्न समजण्यासाठी जेवढी लागते तेवढीच वर आली आहे. त्यांच्या गरिबीचे वर्णन त्यात नाही.

निवेदन लिहून झाल्यावर ते दोन वाचकांना दाखवावे. त्यांपैकी एक त्या विषयाचा जाणकार असावा, म्हणजे शास्त्रीय चूक राहणार नाही. दुसरा त्या विषयाशी संबंध नसलेला असावा. वाचून झाल्यावर त्याला एवढेच विचारावे, ‘मला काय शोधावयाचे आहे?’ त्याने एका वाक्यात बरोबर उत्तर दिले तर निवेदन पुरे झाले. त्याने ‘तुला संशोधनाची फार आवड आहे’ असे सांगितले, तर ते पुन्हा लिहावयास घ्यावे.

पत्राची किंमत

आनंदीबाईंच्या पत्राला यश आले, पण त्यांच्या हेतूला आयुष्याने साथ दिली नाही. पदवी घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे यावयाची होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. एकाही रुग्णालयाचा कारभार त्यांना हाती घेता आला नाही.

त्यांचे पत्र मात्र फिलाडेल्फियाच्या त्या महाविद्यालयाच्या दप्तरात जपून ठेवले गेले. ज्या समितीने ते वाचले, तिच्यापुढे पदव्या आणि गुणपत्रके नव्हती. दूर देशातील एका अपरिचित स्त्रीचा शब्द होता. तिने आपली उणीव मान्य केली होती, म्हणून तिने सांगितलेल्या निश्चयावरही विश्वास ठेवता आला. आज अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यापाशी गुणपत्रके असतात, प्रमाणपत्रे असतात. तरीही त्या दोन पानांपुरता तोही अपरिचितच असतो. त्याने जे केले तेवढेच लिहिले आणि जे कळले नाही ते कळले नाही असे लिहिले, तर संशोधकाला लागणारा पहिला गुण त्याच्या ठिकाणी आहे, हे त्या पानांवरूनच दिसते.